आठ थेंब

न्हाणीघराच्या खिडकीत बाटली ठेवल्याचा ‘टक्’ असा आवाज झाला आणि गिरिजाचा भाकरी थापणारा हात परातीतच थांबला.

घर इतकं निवांत होतं की तो आवाज चुकणंच शक्य नव्हतं. सकाळचे सहा वाजले होते. नवरा, मल्लिकार्जुन, माल घेऊन पहाटेच्या एस.टी.नं वैरागला गेला होता. आणि सासरे तर तिच्या डोळ्यांसमोर होते. देवघरापाशी पाठमोरे, डाव्या तळहातावर इष्टलिंग, डोळे मिटलेले. पूजेला बसले की सिद्रामप्पा अर्धा तास हलत नसत, मग घराला आग लागो.

मग बाटली ठेवली कुणी?

बाटली सिद्रामप्पांचीच होती. रोज सकाळी त्यांनी तिच्यात लघवी धरून ती खिडकीत ठेवायची आणि गिरिजानं तपासायची, हे गेल्या दोन महिन्यांचं ठरलेलं काम. काचेच्या नळीत चमचाभर निळं औषध घ्यायचं, त्यात आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं आणि रंग बघायचा. निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी, पिवळा झाला तर जास्त. विटेसारखा लाल झाला, तर मात्र काही खरं नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेली सून घरात आहे म्हटल्यावर बोरामणीकर डॉक्टरांनी हे काम तिच्या गळ्यात घातलं होतं आणि रंग लिहायला वहीही करायला सांगितली होती.

पहिला सबंध महिना वहीत एकच शब्द होता. लाल, लाल, लाल. तेव्हा डॉक्टर चष्मा काढून सिद्रामप्पांना म्हणाले होते, “अण्णा, गोळ्यांचं काम संपत आलंय. पंधरा दिवस आणखी बघतो. उतरली नाही तर इंजेक्शन, इन्सुलिन. साखर नुसती लघवीत जाते असं समजू नका. ती रक्तवाहिन्या पोखरते. पाय, डोळे, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे हृदय.”

त्यानंतर चारच दिवसांनी रंग निळा झाला आणि मग निळाच राहिला. ज्या गोळ्यांनी महिनाभर काही केलं नव्हतं, त्या अचानक पावल्या. मल्लिकार्जुननं सिद्धेश्वराला नारळ फोडला. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं. डॉक्टरांनीही वही चाळून “वा!” म्हटलं.

फक्त गिरिजाला ते पटत नव्हतं.

सिद्रामप्पा अजून झोपण्याआधी तांब्याभर पाणी पीत आणि उठल्यावर पुन्हा तांब्याभर. संध्याकाळी ते परसातल्या ज्या दगडाआड जात, तिथं मुंग्यांची रांग लागलेली असे. काळ्या, बारीक, शिस्तीत चाललेल्या मुंग्या. ती रोज पाणी ओतायची आणि रोज त्या यायच्या. निळा रंग दाखवणाऱ्या लघवीला मुंग्या कशाला येतील? वही एक म्हणत होती, मुंग्या दुसरंच सांगत होत्या, आणि गिरिजाचा विश्वास मुंग्यांवर होता.

पहिल्यांदा तिला खाण्याचाच संशय आला. म्हातारं माणूस, जिभेला आवर नसेल. तिनं त्यांच्या कोटाचे खिसे चाचपले, रुमाल हुंगला. हे करताना तिचं तिलाच कसंतरी झालं. आईविना वाढलेल्या या पोरीला सासरी आल्यापासून माया दिली होती ती या माणसानंच. लेक बसू झाली त्या बाळंतपणात सासू नव्हती, तर शेगडीवर शेपाचं पाणी यांनीच उकळून दिलं होतं.

तरी एका दुपारी ती न सांगता डबा घेऊन दुकानात जाऊन थडकली. मंगळवार पेठेच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं, बैलांच्या साजाचं. कासरे, वेसणी, झुली, रंगीत गोंडे, घुंगरमाळा. सिद्रामप्पा पोत्यावर बसून कडक भाकरी दह्यात मोडून खात होते. दुसरं काही नाही. त्यांनी तिच्याकडं बघून भुवई उडवली.

“फौजदारसाहेब आज हिकडं? झडती घ्यायची का दुकानाची? घे की. त्या झुलीखाली बघ, जिलबी हाय का ते.”

ती लाजली, हसली. पण हसता हसता तिनं पाहिलं, फळीवरची एक घुंगरमाळ काढायला ते उठले आणि तेवढ्यानं त्यांच्या कपाळावर घाम डवरला. माळ हातात घेऊन ते क्षणभर खांबाला टेकले.

“काय होतंय, मामा?”

“काय न्हाय. ग्यास.”

घरी येऊन तिनं शेजारच्या निंगव्वाजवळ मन मोकळं केलं, तर निंगव्वा पदराला हात पुसत म्हणाली, “साखर चढली तवा रडलीस, उतरली तर आता येडी झालीस. अगं, तुज्या मनातच साखर हाय बघ. रंग निळा आला न्हवं? मग देवाचं नाव घे आणि गप बस की.”

गिरिजानं देवाचं नाव घेतलं. पण संशयाचं एक असतं, दार लावलं की तो फटीतून येतो.

आणि आज हा आवाज.

पिठाचे हात तसेच घेऊन ती उठली आणि पाय न वाजवता न्हाणीघराशी गेली. आत तिची सहा वर्षांची बसू उभी होती. परकराचा काठ ओला झालेला. बाटलीचं बूच ती दोन्ही हातांनी दाबून बसवत होती, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून, अगदी मन लावून.

“बसू.”

पोरगी दचकली. बाटली पडली नाही, एवढंच.

“ही सू कुणाची?”

बसूनं आईकडं पाहिलं, मग पाठमोऱ्या आजोबांकडं. “अज्जानं सांगू नको म्हटलंय,” ती म्हणाली, आणि त्यातच सगळं सांगून झालं.

गिरिजा तिथंच ओट्यावर बसली. आधी तिला राग आला, तोही कुणावर काढायचा ते कळेना. मग एकदम तीन आठवड्यांचे ते सगळे निळे रंग डोळ्यांपुढून गेले. आपली लेक ठणठणीत आहे, हेच ती रोज सकाळी दिव्यावर उकळून वहीत लिहीत होती.

पूजा संपवून सिद्रामप्पांनी लिंग वस्त्रात गुंडाळून गळ्यात घातलं आणि ते वळले. समोर सून, सुनेच्या हातात बाटली, आणि तिच्या मागं तोंड लपवून नात. त्यांना काही विचारावं लागलं नाही.

“कळलं व्हय,” ते म्हणाले. “बसू, तू जा भाईर. निंगव्वाच्या शेळीला पाला घाल जा.”

पोरगी बाहेर गेली. मग ते भिंतीला टेकून हळूच खाली बसले.

“का असं केलंत, मामा? कुणाला फसवलंत? डॉक्टरला? मला?”

“तुला न्हाय, यव्वा. त्या सुईला.” त्यांनी गळ्यातलं लिंग वस्त्रासकट मुठीत धरलं. “डॉक्टर इंजिक्षन म्हटला, तवा मी औषधाच्या दुकानात सहज इचारलं. कशाचं असतंय बाबा हे? तो पोऱ्या हसत हसत म्हणाला, बैलाच्या पोटात एक मासाचा तुकडा असतोय, त्यो काढून पिळत्यात.” त्यांचा आवाज घोगरा झाला. “बैलाच्या. आपला नंदी, आपला बसवण्णा, यव्वा. पन्नास वर्सं त्याच्या अंगावरची झूल इकून घर चालवलं. कारहुणवीच्या सणाला त्याच्या शिंगांना रंग दिल्याबिगर मी तोंडात पाणी घेतलं न्हाय. आणि आता त्याला फाडून काढलेलं माज्या अंगात टोचून घेऊ? हे गळ्यात लिंग असताना?”

गिरिजाच्याही गळ्यात तसंच लिंग होतं. पण तिला डॉक्टरांचा काढलेला चष्मा आठवत होता.

“पण हृदय, मामा. डॉक्टर म्हणाले की.”

“अगं, माज्या छातीत कुटं दुखतंय? दुखलं असतं तर सांगितलं नसतं का? आमच्या चनमल्लप्पाला झटका आला तवा छातीवर म्हस बसल्यागत वरडत होता. मला तसलं काय न्हाय. जरा धाप लागती, एवढंच. वयच झालं की.” मग त्यांनी जे केलं, ते ती जन्मभर विसरणार नव्हती. त्यांनी तिच्यापुढं, आपल्या सुनेपुढं, हात जोडले. “धा दिवसांवर कारहुणवी आली. दुकानाचा सगळा सीझन हाच. ती होऊ दे. मग तूच मला धरून ने, डॉक्टर काय म्हणंल ते म्हणंल. तवर मल्लूला सांगू नको.”

जोडलेले हात बघवेनात म्हणून ती “बरं” म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून बाटली त्यांचीच येऊ लागली. नळीतलं निळं औषध उकळता उकळता हिरवं, मग पिवळं आणि मग लाल व्हायचं, विटेच्या चुऱ्यासारखं तळाशी बसायचं. वहीत ती काहीच लिहीत नव्हती. तारीख घालायची आणि पुढं कोरं सोडायची. मल्लिकार्जुननं एकदा विचारलं, “हे काय, रंग लिहिला नाहीस?” तर म्हणाली, “शाई संपलीय.” त्यानं तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. घरात संशय एकदा शिरला की तो एकाच माणसापाशी राहत नाही, फिरत राहतो, हे तिला तेव्हा कळलं.

ती सासऱ्यांवर नजर ठेवू लागली. खाण्यावर नाही, चालण्यावर. कोपऱ्यापर्यंत जायला त्यांना पूर्वी जेवढा वेळ लागे त्याच्या दुप्पट लागत होता. मध्येच थांबून ते कुणाच्या तरी दारात चौकशा करत बसत, “काय म्हणतंय वासरू तुमचं?” म्हणत. लोकांना वाटे म्हातारा बोलका झालाय. गिरिजाला वाटे, हा माणूस श्वास गोळा करतोय. संध्याकाळी त्यांच्या पायातली वहाण काढली की पट्ट्याचा वळ तसाच राही. तिनं बोटानं दाबून पाहिलं तर खळगा पडला आणि बराच वेळ भरला नाही.

कारहुणवीच्या आदल्या दिवशी मल्लिकार्जुन गोंड्यांची पोती घेऊन पुन्हा वैरागच्या बाजाराला गेला. सिद्रामप्पा दुपारी दुकानातून घरी आले ते भिंत धरतच. ओसरीवर बसले. धोतर, सदरा, टोपी, सगळं घामानं चिंब. तोंड राखेसारखं झालेलं.

“दुखतंय का मामा? छातीत?”

“न्हाय... नुसतं कसंतरी हुतंय. मळमळतंय. पाणी दे.”

निंगव्वा आवाज ऐकून आलीच. “अगं बाई, साखर उतरली की ह्यांची! गोळ्या घेऊन घेऊन पार उतरली. आमच्या दिराचं अगदी असंच झालतं. घाम, मळमळ. साखरेचं पाणी पाजलं की उठून बसला. थांब, आणते मी.” ती धावत गेली आणि पेला घेऊन आलीसुद्धा. चमचा अजून आत फिरत होता.

आणखी दोघी बायका जमल्या. “पाज गं लवकर,” म्हणू लागल्या. सगळ्या गल्लीला ठाऊकच होतं ना, सिद्रामप्पांची साखर गेली म्हणून!

गिरिजानं पेला हातात घेतला. सासऱ्यांचे ओठ त्याच्याकडं वळलेही. तिच्या डोळ्यांपुढं सकाळची नळी आली, विटेसारखी लाल. इथं या घोळक्यात हे फक्त मला माहीत आहे.

तिनं पेला तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून दिला.

“टांगा बोलवा,” ती म्हणाली.

“अगं पण साखर...”

“साखर उतरलेली नाही, निंगव्वा. कधीच उतरली नव्हती. टांगा बोलवा!”

बोरामणीकर डॉक्टरांच्या दवाखान्यात वर सहा खाटा होत्या. त्यांनी छातीला तारा लावल्या, मशिनमधून निघालेली कागदाची लांब पट्टी बोटांवर घेतली आणि खिडकीपाशी नेऊन दोनदा पाहिली. गिरिजा दारात उभी होती. बसूनं तिचा पदर मुठीत धरला होता. पोरीला निंगव्वाकडं ठेवायचं भानच राहिलं नव्हतं.

“झटका आहे,” डॉक्टर म्हणाले. “आणि पहिला नाही. याआधी एक येऊन गेलाय. महिना, दीड महिना झाला असेल.”

“पण त्यांना दुखलं नाही कधी! छातीत जरासुद्धा...”

“नाहीच दुखत. साखरेनं नसा बधिर होतात. ज्याला दुखतं तो ओरडत येतो, वेळेत येतो. यांच्यासारख्यांना नुसती धाप लागते, घाम येतो, आणि घरचे म्हणतात गॅस आहे.” त्यांनी आवाज खाली आणला. “पण वहीत तर सगळं निळं होतं, बाई. आत्ता मी तपासली. लालभडक. हे कसं?”

गिरिजानं सांगितलं. सगळं नाही. पण पुरेसं सांगितलं. ऐकताना डॉक्टरांच्या चेहऱ्यावर राग आला, मग गेला, आणि मग काहीच उरलं नाही.

मीनाबाई नर्स काचेची सिरिंज उकळत्या पाण्यातून काढून उभी होती. हातात छोटी बाटली. सिद्रामप्पा डोळे मिटून पडले होते, नाकाशी प्राणवायूची नळी. गळ्यातलं वस्त्र उशीवर घरंगळलं होतं. ते मीनाबाईनंच नीट उचलून त्यांच्या छातीवर ठेवलं होतं, न सांगता.

“इन्सुलिन द्यायला हवं,” डॉक्टर म्हणाले. “हृदयावर एवढा भार असताना ही साखर अशी ठेवता येणार नाही. मल्लिकार्जुन कधी येतील?”

“रात्री. शेवटच्या गाडीनं.”

“तेवढा वेळ नाही.”

गिरिजानं मीनाबाईच्या हातातल्या बाटलीकडं पाहिलं. “यात बैल असतो का, डॉक्टर?”

डॉक्टर लिंगायतच होते. त्यांच्याही सदऱ्याच्या आत गळ्याशी दोरा दिसत होता. ते खोटं बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“असतो,” ते म्हणाले. “काही बाटल्यांत डुकराचं असतं. तिसरं काही जगात अजून निघालेलं नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी देणार नाही. पण मग उद्याचं मला विचारू नका.”

मीनाबाई वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर कसली घाई नव्हती, आणि त्याचंच गिरिजाला भय वाटलं. पदराला एक बारीकसा हिसका बसला. बसू वर बघत होती. डॉक्टरांकडं, बाटलीकडं, आईकडं.

त्या क्षणी गिरिजाला देव आठवला नाही, धर्म आठवला नाही. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराबाहेर शेपाच्या पाण्याचा तांब्या ठेवून, मान दुसरीकडं वळवून, “ऊन हाय तवर पी, यव्वा” म्हणणारा माणूस तेवढा आठवला.

“द्या,” ती म्हणाली.

सहाव्या दिवशी सिद्रामप्पा उशीला टेकून बसू शकत होते. कारहुणवी होऊन गेली होती. मल्लिकार्जुननं दुकान एकट्यानं रेटलं होतं. त्याला गिरिजानं सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “अप्पांना कळू देऊ नको. ते जेवण सोडतील. सोडतीलच.” डॉक्टरही म्हणाले, “एवढ्यात मनाला धक्का नको. पुढं बघू.” दिवसातून दोन वेळा मीनाबाई येई, “आजोबा, दंड इकडं करा” म्हणे आणि बाटली पदराआड धरून सुई भरी. सगळं कसं ठरवून दिल्यासारखं चाललं होतं.

त्या दिवशी सकाळी त्यांनी खाटेवर बसूनच पूजा केली. लिंग पुन्हा वस्त्रात बांधलं आणि सुनेकडं पाहिलं.

“यव्वा, ह्या सुईत काय घालत्यात गं?”

“ताकदीचं औषध, मामा.” ती संत्रं सोलत होती. मान वर केली नाही.

“ताकदीचं?”

“हो. हृदयाला ताकद यावी म्हणून.”

“मग ती मीनाबाई बाटली का झाकती?”

गिरिजाच्या नखात सालीचा रस शिरला. “झाकते कुठं? तुम्हाला तसं वाटतं.”

सिद्रामप्पा तिच्याकडं बघत राहिले. रागानं नाही. ती ज्या नजरेनं महिनाभर त्यांच्या खिशांकडं, पायांकडं, परसातल्या दगडाकडं बघत होती, अगदी तशा नजरेनं. नजर कशी टोचते हे तिला आज समजलं.

“आणि साखर? माजी लघवी आता कोण तपासतंय?”

“इथंच तपासतात. उतरतेय हळूहळू.”

“नुसत्या गोळीनं?”

“नुसत्या गोळीनं.”

“बरं. तू म्हणतीस तर तसंच असंल.” त्यांनी फोड घेतली, पण तोंडात न घालता हातातच ठेवली. मग दाराकडं बघून म्हणाले, “बसू आलीया न्हवं भाईर? आवाज आल्यागत झाला. तिला धाड जरा आत. एकटीलाच. त्या दिवशी ती पण तुज्यासंगं हितं हुती म्हणं.”

गिरिजा उठली.

व्हरांड्यात बसू बाकावर बसून पाय हलवत होती. निंगव्वानं तिची वेणी घातली होती, घट्ट, दोन्ही बाजूंनी लाल रिबिनी. आईला बघून ती उडी मारून उतरली. “उठले अज्जा? जाऊ मी?”

“बोलवलंय तुला,” गिरिजा म्हणाली, आणि तिचा खांदा धरून तशीच उभी राहिली. सोडेना.

बसूनं आईच्या तोंडाकडं पाहिलं. मग दाराकडं, अर्ध्या उघड्या, जिथून आजोबांचे सुजलेले पाय पांढऱ्या चादरीबाहेर दिसत होते. तिला काय उमगलं कोण जाणे. आवाज अगदी बारीक करून तिनं विचारलं,

“आई, अज्जानं मला बैलाचं विचारलं, तर मी काय सांगू?”